चायनीजची गाडी आणि चीनमधले खाणे

संध्याकाळी सहानंतर खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव यांपैकी कोणत्याही गावाच्या चौकात गेलात, तर कचोरी-आलुबोंड्याच्या गाड्यांशेजारी लाल अक्षरांत ‘चायनीज’ लिहिलेली एक तरी गाडी दिसतेच. आपल्या वस्त्यांतली कॉलेजची मुले तिथे हाफ राईस किंवा मंचुरियनची प्लेट घेऊन उभी असतात. घरी आई ओरडते, ‘त्या अजिनोमोटोने पोट बिघडेल.’ मुलगा ऐकल्यासारखे करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

आता यात एक नवी गोष्ट आली आहे. महाराष्ट्रातून, त्यात विदर्भातूनही, मुले-मुली डॉक्टरकी शिकायला खुद्द चीनला जातात. इथल्या खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांपेक्षा तिथला खर्च कमी पडतो, हे त्याचे साधे कारण. कोरोनापूर्वी चिनी विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २३ हजारांच्या आसपास होती आणि त्यातले बहुतेक एमबीबीएसचे होते. २०२० मध्ये ती मुले घरी परतली, जवळजवळ अडीच वर्षे मोबाईलवर शिकली आणि २०२२ नंतर पुन्हा जाऊ लागली. प्रवेश पक्का झाला की घरात पहिला प्रश्न फीचा असतो आणि दुसरा, ‘तिथे खाईल काय?’

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरे मॅगीची पाकिटे, चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि एक लहान कुकर यांनी बॅग भरून देतात. पहिला महिना त्यावर निघतो. पुढे मूल भीतीने बाहेर खात नाही, खोलीत रोज नूडल्सचे पाकीट उकळते, वजन उतरते, अंगात रक्त कमी होते, आणि आपण इथे समजतो की परदेशचे हवापाणी मानवले नाही. म्हणून या महिन्याच्या पानावर आम्ही चीनमधल्या रस्त्यावरच्या खाण्याबद्दल लिहीत आहोत. ज्यांच्या घरातले कोणी चीनला जाणार नाही त्यांनीही वाचावे, कारण यातली निम्मी गोष्ट आपल्या चौकातल्या गाडीची आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण ज्याला चायनीज म्हणतो ते चीनमध्ये मिळत नाही. हक्का हा चीनमधला एक समाज आहे. त्यातले लोक पिढ्यांपूर्वी कलकत्त्याला आले, कातडी कमावण्याच्या धंद्यात शिरले, आणि टँगरा भागात त्यांनी खाणावळी काढल्या. आपल्या गाडीवरच्या ‘हक्का नूडल्स’मधला हक्का तो. कातडे कमावण्याचे काम या देशात कोणाच्या माथी मारले गेले होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मंचुरियनची गोष्ट तर त्याहून अलीकडची आहे. कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात लसूण, आले, हिरवी मिरची यांच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घालून चिकन मंचुरियन केले, असे सांगितले जाते. पुढे चिकनच्या जागी कोबी आणि फ्लॉवर आले आणि पदार्थ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. म्हणजे मंचुरियन आपल्याच देशातले आहे. बीजिंगच्या रस्त्यावर कोणी ते मागितले, तर समोरचा माणूस नुसता बघत राहील.

मग तिथे रस्त्यावर मिळते काय? सुरुवात सकाळपासून करू, कारण नव्या माणसाने तिथे खायला सुरुवातही सकाळीच करावी. सकाळचे चिनी खाणे साधे, गरम आणि पोटाला हलके असते. बांबूच्या टोपल्यांत वाफवलेले ‘बाओझ’ मिळतात. मैद्याच्या गोळ्यात भाजीचे किंवा मांसाचे सारण भरून ते मोदकासारखे वाफवतात. सारण नसलेला नुसता वाफवलेला गोळा म्हणजे ‘मान्थोउ’. तांदळाची पातळ पेज मिळते, तिला ‘झोउ’ म्हणतात. आपल्याकडे तापातून उठलेल्या माणसाला देतात तशीच, फक्त तिथे ती धडधाकट माणसेही रोज पितात. सोयाबीनचे गरम दूध मिळते. आपला जिल्हा सोयाबीन पिकवतो, पोत्यांनी बाजार समितीत नेतो आणि घरात मात्र सोयाबीन फारसे शिजवत नाही. तिथे त्याच दाण्याचे दूध आणि त्या दुधाचे पनीर, म्हणजे ‘डोउफू’, रोजच्या जेवणात असते. प्रथिनांचा हा स्वस्त साठा आहे. मांस न खाणाऱ्या मुलाने पहिल्या आठवड्यातच त्याची सवय करून घ्यावी.

थ्येनजिन शहराचा ‘जियानबिंग’ नावाचा पदार्थ आहे. गोल तव्यावर मुगाच्या पिठाचे पातळ धिरडे घालतात, त्यावर अंडे फोडून पसरतात, कांद्याची पात आणि चटणी लावतात, मध्ये एक कुरकुरीत तुकडा ठेवून घडी घालून हातात देतात. आपल्या आजीने पाहिले असते तर म्हणाली असती, ‘अगं, हे तर धिरडंच!’ डोळ्यांसमोर बनते, तव्यावरून थेट हातात येते आणि त्यात मूग नि अंडे दोन्ही असते. परदेशात पहिले खाणे कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही जियानबिंगचे नाव सांगू. हिवाळ्यात हातगाडीवर भट्टीत भाजलेली रताळी मिळतात, उकडलेली मक्याची कणसे मिळतात, चहाच्या पाण्यात उकळलेली अंडी मिळतात. यातले काय अनोळखी आहे?

संध्याकाळी मामला थोडा वेगळा असतो. काड्यांना लावलेले मटणाचे तुकडे निखाऱ्यावर भाजतात आणि वर जिरे-मिरची भुरभुरतात. हा शिनच्यांगकडचा प्रकार, आणि जिऱ्याच्या वासाने आपल्या मुलाला घर आठवल्याशिवाय राहत नाही. लानझोऊची हाताने ओढलेली शेवई रश्शात मिळते, ती दुकाने बहुधा मुस्लिम समाजाची असतात. ‘मालाथांग’च्या दुकानात भाज्या, डोउफू, मशरूम, मांस यांतून आपणच निवडून टोपलीत घ्यायचे. ते वजन करतात आणि उकळत्या रश्शात शिजवून देतात. भाजी भरपूर घेण्याची सोय इथे आहे, फक्त रस्सा शेवटपर्यंत पिऊ नये, सगळे मीठ आणि तेल त्यातच उतरलेले असते. ‘मा’ म्हणजे बधिर करणारे आणि ‘ला’ म्हणजे तिखट. सछ्वान प्रांतात एक छोटे फळ मसाल्यात वापरतात, त्याने जीभ आणि ओठ झिणझिणतात. पहिल्यांदा खाणारे मूल घाबरते की ऍलर्जी आली. कोकणात माशांच्या कालवणात तिरफळ घालतात, त्याच कुळातले हे फळ आहे. झिणझिण्या थोड्या वेळात जातात. मात्र अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर ती खरी ऍलर्जी समजावी आणि लगेच दवाखाना गाठावा. शेंगदाण्याची ऍलर्जी असणाऱ्याने तर फार जपावे, कारण तिथे शेंगदाणा आणि त्याचे तेल पुष्कळ पदार्थांत असते. शेंगदाण्याला ‘ह्वाशंग’ म्हणतात.

इथे एक गोष्ट स्पष्टच लिहितो. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा ‘चिनी लोक काहीही खातात’ ही भाषा आपल्याही मोबाईलवर फिरली आणि आपल्यातल्या काहींनी ती पुढे पाठवली. खाण्यावरून माणसाला घाणेरडे ठरवण्याचा खेळ कोणी, कोणाविरुद्ध, किती शतके खेळला, हे विसरून चालेल काय? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतले जे अन्न लिहून ठेवले, त्यातल्या वजडी, रक्ती, वाळवलेल्या चान्या आपल्या आजी-आजोबांच्या ताटातल्याच होत्या. नानजिंग शहरात बदकाच्या गोठलेल्या रक्ताचे तुकडे घातलेले सूप आवडीने पितात आणि सछ्वानच्या रश्शात वजडी हौसेने बुडवतात. तिथे ती हौसेची गोष्ट आहे, कोणाला त्याची लाज नाही. ज्याला खायचे त्याने खावे, नको त्याने खाऊ नये. नाक मात्र मुरडू नये.

काय खातो हे कळण्यासाठी चार शब्द पाठ हवेत. नुसते ‘रौ’ म्हटले की तिथे बहुधा डुकराचे मांस समजायचे. कोंबडीचे ‘जीरौ’, बकरी-मेंढीचे ‘यांगरौ’, गाई-बैलाचे ‘न्यूरौ’ आणि डुकराचे ‘झूरौ’. ‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. एवढे सांगूनही भाजीत चरबी किंवा खिमा येऊ शकतो, कारण त्यांच्या हिशेबाने ती भाजीच असते. पक्के शाकाहारी खायचे असेल तर ‘सू’ हे अक्षर लिहिलेल्या खाणावळी शोधाव्यात. तिथले भिक्खू-भिक्खुणी मांस खात नाहीत, त्यामुळे बौद्ध मंदिरांच्या आसपास अशा खाणावळी असतात. ‘बू याओ ला’ म्हणजे तिखट नको. ‘शाओ यान’ म्हणजे मीठ कमी. हे शेवटचे दोन शब्द पालकांनी कागदावर लिहून बॅगेत ठेवावेत, कारण ते मुले आपणहून पाठ करणार नाहीत.

आता आजाराकडे येऊ. पोट बिघडवते ते बहुधा अनोळखी अन्न नसते. कोमट अन्न, शिळे अन्न आणि पाणी यांनी पोट बिघडते. जंतू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात वाढतात. वाफाळते अन्न त्याच्या वर असते, फ्रिजमधले खाली. मधले सगळे धोक्याचे.

यात सर्वांत दुर्लक्षित धोका भाताचा आहे. बॅसिलस सिरीयस नावाचा जंतू तांदळात मुळातच असतो. भात शिजवताना जंतू मरतो, पण त्याची बीजे उकळीतही टिकतात. भात कोमट राहिला की बीजे फुटतात, जंतू वाढतो आणि एक विष तयार करतो. ते विष पुन्हा तापवून नष्ट होत नाही, हे नीट लक्षात घ्या. फ्राइड राईससाठी गार, मोकळा भात लागतो, म्हणून गाडीवाला तो दुपारीच शिजवून टोपात झाकून ठेवतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. रात्री नऊला तो भात मोठ्या आचेवर परतला तरी आधी झालेले विष तसेच राहते. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर संशय भातावर घ्यावा. आई अजिनोमोटोला बोल लावते आणि खरा चोर टोपात बसलेला असतो!

हीच गोष्ट आपल्या घरच्या फोडणीच्या भातालाही लागू आहे. भात उरला तर पसरट ताटात पसरून लवकर गार करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात सकाळचा भात रात्रीसाठी ठेवू नये, मापातच शिजवावा. गाडीवर जायचेच असेल तर संध्याकाळी लवकर जावे, भात किंवा नूडल्स समोर परतून घ्याव्यात, आधीच तळून ठेवलेले मंचुरियनचे गोळे पुन्हा कडकडीत तळायला सांगावे, आणि वरून टाकतात तो कच्चा कोबी-कांदा नको म्हणावे. प्लेटा ज्या बादलीत बुचकळतात त्या पाण्याकडे एकदा पाहिले की पुढचा निर्णय आपोआप होतो. ही गाडी बऱ्याचदा आपल्याच वस्तीतल्या तरुणाची असते, त्याचा संसार तिच्यावर चालतो. त्याला नावे ठेवण्यापेक्षा भात दोन वेळा थोडा थोडा शिजव, पाणी बदल, अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी कर, असे सांगितले तर तो ऐकतो, कारण गिऱ्हाईक टिकावे ही त्याचीच गरज आहे.

चीनमध्ये हाच नियम वेगळ्या रूपात लागतो. तिथे नळाचे पाणी कोणी थेट पीत नाही. गरम पाणी पिण्याची सवय इतकी पक्की की रेल्वेगाडीत, स्टेशनवर, वसतिगृहात उकळत्या पाण्याचे नळ असतात. आपल्या मुलाने थर्मास घ्यावा आणि ‘खाइश्वेइ’, म्हणजे उकळलेले पाणी, हा शब्द लक्षात ठेवावा. जिथे गर्दी आहे आणि माल सतत खपतो तिथे खावे. अनेक शहरांत दुकानाच्या भिंतीवर स्वच्छतेची श्रेणी दाखवणारा फलक असतो, त्यावर हसरा किंवा नाराज चेहराही काढलेला असतो. भाषा येत नसली तरी चेहरा वाचता येतो. दक्षिणेत क्वांगतुंगकडे गोड्या पाण्यातले मासे कच्चे खाण्याची चाल काही ठिकाणी आहे, त्यातून यकृतात जंत होतात. ते मुळीच खाऊ नये. २००८ साली तिथे दुधाच्या भुकटीत मेलामाइनची भेसळ झाली, सहा बाळे दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. त्यानंतर २००९ मध्ये नवा अन्नसुरक्षा कायदा आला. भेसळ हा तिथल्या लोकांचाही राग आहे.

अजिनोमोटोचे काय? १९०८ साली जपानचे प्रा. किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून ही चव शोधली. टोमॅटोतही ती नैसर्गिकपणे असते. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी खाणावळीत जेवल्यावर मानेत बधिरपणा येतो असे एक पत्र छापून आले आणि तिथून ही भीती जगभर पसरली. पुढे केलेल्या तपासण्यांत नेहमीच्या प्रमाणात ते घातक ठरले नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला ते घातलेले पदार्थ देऊ नयेत, एवढे पाळावे.

खरी काळजी मिठाची आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे सगळ्या जेवणांत मिळून चहाचा एक चमचा. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच दोन ग्रॅमच्या वर मीठ असते. त्यात शेजवान चटणी, वरून मीठ आणि सूप. एका प्लेटमध्ये दिवसाचा वाटा संपतो. आपल्या जिल्ह्यात हे आणखी महत्त्वाचे, कारण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतून जातो. तिथे मीठ पाण्यातूनच पोटात जाते आणि किडनीच्या आजाराची तक्रार गावोगाव आहे. ज्यांना रक्तदाब आहे किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी गाडीवरचे सूप आणि चटणी बंदच करावी. तरुण मुलांनी महिन्यातून एक-दोनदा खाल्ले तर बिघडत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. मंचुरियन भडक लाल असेल तर नको. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली, गोव्यात म्हापसा नगरपालिकेने तर त्याच्या गाड्यांनाच मज्जाव केला. आणि तेल काळे पडून फेसाळत असेल तर विचारायचेही काही उरत नाही.

पोट बिघडलेच तर, चीन असो की चिखली, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्यावे. पेज चालते. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणे, पाणीही पोटात न टिकणे यांपैकी काही असेल तर डॉक्टर. जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नये, ताप किंवा रक्त असताना तर नाहीच. चीनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला वैद्यकीय विमा काढावाच लागतो. त्याचा कागद मोबाईलमध्ये आणि खिशात, दोन्हीकडे असावा.

बॅग भरताना मांस, दूध-तुपाचे पदार्थ, ताजी फळे-भाज्या घालू नयेत, चिनी विमानतळावर ती काढून घेतात. ओआरएसची पाकिटे, नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, एक थर्मास द्यावा. मॅगी चार पाकिटांवर देऊ नये. निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना कावीळ-अ आणि विषमज्वराच्या लसीबद्दल विचारावे.

आणि जानेवारीच्या आसपास, चिनी पंचांगाच्या बाराव्या महिन्यातल्या अष्टमीला, मुलाला जवळच्या बौद्ध मंदिरात जायला सांगावे. त्या दिवशी तिथे तांदूळ, डाळी, खजूर, दाणे घालून केलेली ‘लाबा’ नावाची गरम पेज येईल त्याला फुकट वाटतात. पहाटेपासून रांग लागते. बुद्धांना बोधी मिळण्यापूर्वी सुजाताने दिलेल्या खिरीची आठवण म्हणून ती पेज करतात. आपल्या वस्तीत बुद्धपौर्णिमेला खीर वाटताना जो टोप चुलीवर चढतो, तसाच टोप तिथेही चढतो. वाटी मात्र घरून न्यावी.